वेध, वशीकरण आणि स्थान : पैठणच्या सभेचे ऐतिहासिक कादंबरीपुढील आव्हान

१

मराठी ऐतिहासिक कादंबरीने इतिहासातील बदनाम व्यक्तींची फेरतपासणी करण्याचे कार्य मोठ्या हौसेने केले आहे. ना. सं. इनामदारांनी 'झेप' (१९६३) मध्ये त्रिंबकजी डेंगळे आणि 'मंत्रावेगळा' (१९६९) मध्ये दुसरा बाजीराव यांची बाजू मांडली. शिवाजी सावंतांनी 'छावा' (१९७९) मध्ये संभाजीराजांची. बखरकारांनी व साम्राज्यवादी इतिहासकारांनी दिलेला निवाडा फिरवणे ही या कादंबऱ्यांमागील प्रधान प्रेरणा आहे. तथापि येथे 'निवाडा' हा शब्द आपण लक्षणेने वापरतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. या व्यक्ती कोणत्याही सभेपुढे उभ्या राहून नव्हे, तर लोकमताच्या व इतिहासलेखनाच्या ओघात दोषी ठरल्या होत्या.

जेथे प्रत्यक्ष सभा भरली, आरोप ठेवले गेले, प्रश्नोत्तरे झाली आणि शरीरदंड दिला गेला, तेथे ऐतिहासिक कादंबरीने काय करावे? पाश्चात्त्य साहित्यात चेटकिणींवरील अभियोगांनी हा प्रश्न वारंवार उपस्थित केला. त्या अभियोगांवर नाटके, कादंबऱ्या लिहिल्या गेल्या, आणि त्या वाचून मूळ जागा पाहण्यास जाणाऱ्या वाचकांचा एक वर्गच निर्माण झाला. आपल्याकडे या प्रश्नाचा विचार करावयाचा तर दूर जाण्याचे कारण नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण येथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात भरलेली, चक्रधरस्वामींचा न्याय करणारी सभा हे त्याचे मराठीतील सर्वांत जुने आणि सर्वांत गुंतागुंतीचे उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या सभेच्या आधारे मी असे मांडू इच्छितो, की आरोपीला निर्दोष ठरवणे एवढ्यावर अशा कादंबरीचे काम संपत नाही. आरोप ज्या शब्दात साठलेला असतो त्या शब्दाची चिकित्सा तिला करावी लागते. आणि या चिकित्सेसाठी लागणारी दोन साधने, म्हणजे साक्षीची अनेकता आणि स्थानाची नोंद, महानुभावांच्या गद्याने सातशे वर्षांपूर्वीच सिद्ध करून ठेवली आहेत.

२

प्रथम तुलनेसाठी सेलमचे प्रकरण पाहू. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६९२-९३ मध्ये दीडशेहून अधिक लोकांवर चेटकाचा आरोप आला. एकोणीस जणांना फाशी दिले गेले. त्यांत चौदा स्त्रिया व पाच पुरुष होते. आरोपाला उत्तर देण्याचे नाकारणारा जाइल्स कोरी छातीवर दगड रचून मारला गेला. या खटल्याची कागदपत्रे मोठ्या प्रमाणावर उपलब्ध आहेत. परंतु ती न्यायालयाच्या लेखनिकांनी लिहिलेली आहेत. आरोपीचे बोलणे आपल्यापर्यंत येते ते आरोप खरा मानणाऱ्याच्या लेखणीतून. साहजिकच, या कागदांच्या रेषांमधून आरोपीचा आवाज शोधणे ही तेथील लेखकाची मुख्य अडचण ठरते.

या अडचणीवर दोन लेखकांनी दोन मार्ग काढले. आर्थर मिलरने 'द क्रूसिबल' (१९५३) मध्ये सेलमला आपल्या काळातील कम्युनिस्टविरोधी चौकशांचे रूपक बनवले. त्यासाठी त्याने अ‍ॅबिगेल विल्यम्स या अकरा-बारा वर्षांच्या मुलीचे वय वाढवले, साठीतल्या जॉन प्रॉक्टरला तरुण केले आणि त्यांच्यात शरीरसंबंध कल्पिला. त्यामुळे नाटक बांधेसूद झाले. परंतु त्याचबरोबर साऱ्या अनर्थाचे मूळ एका मुलीच्या वासनेत आले. चेटकिणीच्या शोधाला विरोध करणाऱ्या कलाकृतीने आपल्यापुरती एक नवी चेटकीण निर्माण केली, असे म्हणण्यास जागा आहे. मारीझ काँदे या ग्वादलूपमधील लेखिकेने १९८६ साली तितुबा या गुलाम स्त्रीवर फ्रेंचमध्ये कादंबरी लिहिली. खटल्यानंतर कागदांतून जवळजवळ नाहीशी होणाऱ्या या स्त्रीला तिने स्वतःच्या तोंडून बोलायला लावले आणि 'चेटूक' हा शब्द नाकारण्याऐवजी त्याचा अर्थ उलटवला. तिच्या तितुबाची विद्या रोग बरे करणारी, मृतांशी नाते राखणारी आहे. आरोपीचे निर्दोषत्व सिद्ध करणारी कलाकृती आणि आरोपाचा शब्दच तपासणारी कलाकृती, हा येथे दिसणारा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

३

पैठणच्या बाबतीत साधनांची स्थिती नेमकी उलट आहे. सभेचे दप्तर म्हणून काहीही उपलब्ध नाही. आहे ते आरोपीच्या अनुयायांचे कथन. चक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या व इतर शिष्यांच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले. ते ज्याने जे पाहिले ते त्याच्याच तोंडून ऐकण्याचा आग्रह धरतात. पुढे मूळ पोथी नष्ट झाली आणि स्मरणातून पाठ पुन्हा उभे करावे लागले, असे परंपरा सांगते. त्यामुळे एकाच प्रसंगाचे वेगवेगळे तपशील संभवले. ते लपवण्याऐवजी महानुभाव लेखकांनी त्यांना 'वासना' या नावाने संहितेतच स्थान दिले आणि शंकास्थळी 'शोधु' नोंदवला. हिराइसेच्या नावाने ओळखला जाणारा पाठ तर एका स्त्रीच्या स्मरणशक्तीशी जोडलेला आहे. अभियोगाचे अधिकृत दप्तर नसलेल्या या प्रकरणात आरोपीच्या पक्षाने असे एक प्रतिदप्तर तयार केले, आणि त्यात साक्षींमधील विसंगतीही जपल्या.

या कथनानुसार पैठण येथे आदित्याच्या देवळात सभा भरली. यादवांच्या दरबारातील श्रीकरणाधिप हेमाद्री, म्हणजे 'चतुर्वर्गचिंतामणी' या प्रचंड धर्मशास्त्रग्रंथाचा कर्ता, या प्रकरणाच्या मागे असल्याचे परंपरा सांगते. चक्रधरांना ते कोण, असे विचारले गेले. त्यांच्याभोवती स्त्रियांचा परिवार का, हा प्रश्न केंद्रस्थानी आला. आणि नाक कापण्याची शिक्षा झाली. सभेत सर्वांचे एकमत नव्हते. मायताहरी व प्रज्ञासागर यांनी या कृत्याला विरोध केल्याचे कथन येते. चक्रधर पुढे उत्तरापंथे गेले, अशी पंथाची श्रद्धा आहे.

हा अभियोग युरोपातील अर्थाने चेटकाचा होता काय? शब्दशः नव्हता. परंतु आरोपाची रचना पाहिली तर साम्य ठळक होते. बाइसा, महदाइसा, आउसा यांसारख्या स्त्रिया घरदार सोडून एका पुरुषाच्या मागे येतात. तो विटाळ मानत नाही, त्यांना संन्यासाचा अधिकार देतो, त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देतो. या स्त्रियांनी आपल्या विचाराने हा मार्ग निवडला, ही शक्यता सभेच्या विचारविश्वात बसणारी नव्हती. स्त्रीला स्वतंत्र निर्णयशक्ती नाही असे एकदा गृहीत धरले, म्हणजे तिचा निर्णय दुसऱ्याच्या शक्तीचा परिणाम म्हणूनच समजावा लागतो. लोकभाषेत या शक्तीला वशीकरण म्हणतात. मराठवाड्यात करणी, भानामती हे तिचे शेजारी शब्द आहेत.

आणि येथेच महानुभाव परिभाषेतील एक शब्द अतिशय अर्थपूर्ण ठरतो. तो शब्द म्हणजे 'वेध'. ईश्वरी अवताराच्या सन्निधानात जीवाला जे आकर्षण लागते, ज्यात तो घरसंसार विसरतो, त्याला पंथ 'वेध' म्हणतो. 'बोध' ही त्यापुढची पायरी. भक्ताच्या बाजूने जो वेध, तोच विरोधकाच्या बाजूने वशीकरण. दोन्ही पक्षांना घटना मान्य आहे. वाद आहे तो तिच्या नावाविषयी. पण याच ठिकाणी आणखी एक गोष्ट लक्षात येते. वेध म्हणा वा वशीकरण, दोन्ही शब्दांत कर्तृत्व आकर्षून घेणाऱ्याकडे आहे. स्त्रिया दोन्हीकडे कर्म आहेत. सभेत त्या आरोपाचा पुरावा होतात, साक्षीदार होत नाहीत. मात्र लीळाचरित्राच्या उर्वरित संहितेत त्याच स्त्रिया सतत प्रश्न विचारतात, रुसतात, हट्ट करतात, शंका काढतात. ज्या संहितेत स्त्रियांचे एवढे बोलणे आहे, त्या संहितेतील सभेच्या प्रसंगी त्यांचे बोलणे ऐकू येत नाही. कादंबरीकाराला मिळालेले खरे रिकामे स्थान मला येथे दिसते.

शिक्षेचाही विचार याच अंगाने करावा लागतो. शूर्पणखेच्या कथेपासून लोककथांपर्यंत नाक कापणे ही आपल्या परंपरेत प्रामुख्याने व्यभिचाराचा आरोप असलेल्या स्त्रीची शिक्षा आहे. 'नाक कापले जाणे' या वाक्प्रचारात अब्रूचा अर्थ त्यामुळेच शिरला. एका पुरुषाला ही शिक्षा देऊन सभेने त्याला स्त्रीच्या पंक्तीला बसवले. ज्याने स्त्रियांना पुरुषांचे अधिकार दिले, त्याला स्त्रियांचा दंड मिळाला. या उलटापालटीकडे लीळाचरित्राच्या अभ्यासात जेवढे लक्ष जावयास हवे तेवढे गेलेले नाही.

४

पैठणशी आणखी एक धर्मनिर्णय निगडित आहे आणि तो महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. संन्याशाची मुले म्हणून बहिष्कृत झालेली ज्ञानेश्वरादी भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे आली, आणि ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले. परंपरा शुद्धिपत्राचे साल शके १२०९ (इ. स. १२८७) देते आणि त्याच्याशी हेमाद्रीच्या वर्तुळातील बोपदेवाचे नाव जोडते. त्याच्या ऐतिहासिकतेविषयी संशोधकांनी शंका घेतल्या आहेत. येथे मुद्दा कथेच्या रचनेचा आहे. एकाच नगरीत, एकाच पिढीत, एकाच प्रकारच्या धर्मपीठापुढे दोन प्रकरणे आली. एकात अलौकिक शक्ती आरोपीच्या बाजूचा पुरावा ठरली, दुसऱ्यात आरोपाचा आधार. समाजाने स्वीकारलेल्या अलौकिकाला आपण चमत्कार म्हणतो; नाकारलेल्या अलौकिकाला चेटूक. क्रियेच्या स्वरूपात हा फरक शोधून सापडणार नाही.

ललित वाङ्मयाने यांपैकी कोणता प्रसंग उचलला, हे पाहण्यासारखे आहे. प्रभातच्या 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) या चित्रपटापासून गो. नी. दांडेकरांच्या 'मोगरा फुलला' या कादंबरीपर्यंत ज्ञानेश्वरांची कथा पुनःपुन्हा सांगितली गेली. चक्रधरांच्या सभेला वाचकसंमत ऐतिहासिक कादंबरीच्या मुख्य परंपरेत असे स्थान लाभले नाही. रेड्याची कथा समेटाने संपते : धर्मपीठाला आपली चूक उमगते, आरोपी पूज्य होतो, वाचक सुखावतो. दुसऱ्या कथेत असा समेट नाही.

याला वाङ्मयेतिहासातील एक कारणही आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले, ते विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाड्यांनी तिची किल्ली शोधेपर्यंत पंथाबाहेर वाचले गेले नाहीत. ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र छापण्यास आरंभ केला तो १९३०च्या दशकात, वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती आली १९७८ साली. तोवर 'मोचनगड' (१८७१) आणि हरिभाऊ आपटे यांच्या कादंबऱ्यांनी या वाङ्मयप्रकाराचा साचा ठरवून टाकला होता. तो साचा बखरीचा होता : शौर्य, फितुरी, गड, दरबार. अभियोग हा प्रसंग त्यात फार तर नायकाच्या बलिदानाची पायरी म्हणून येऊ शकत होता.

या साच्याबाहेर अभियोगाचा खरा विचार आला तो नाटकात. विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल' (१९७२) मध्ये चोरीचा आळ आलेल्या ब्राह्मणाला दिव्य करावयास लावले जाते. तापलेला गोळा हातावर ठेवल्यावर हात भाजणारच. आणि भाजलेला हात हाच गुन्ह्याचा पुरावा. प्रक्रियाच अपराध निर्माण करते, हे चेटकाच्या प्रत्येक अभियोगातील सूत्र तेंडुलकरांनी एका दृश्यात दाखवले. त्याच घाशीरामाचा शेवट लोकांच्या दगडांनी होतो तेव्हा प्रेक्षकाला न्याय झाल्याचे समाधान मिळत नाही, कारण निवाडा करणारी यंत्रणा, म्हणजे नाना, शाबूत राहते.

५

आता स्थानाचा प्रश्न. अभियोगावरील साहित्य वाचकाला जागेकडे नेते. सेलममध्ये १९९२ साली स्मारक उभे राहिले. फाशीची नेमकी जागा, प्रॉक्टर्स लेज, संशोधकांनी निश्चित केल्याचे २०१६ साली जाहीर झाले. मधल्या काळात पर्यटक सेलम शहरात हिंडत होते, आणि जेथे प्रकरण सुरू झाले ते सेलम व्हिलेज आज डॅन्व्हर्स या वेगळ्याच नावाने शेजारी उभे आहे. गोव्यात स्थिती अधिक विलक्षण आहे. तेथे १५६० साली स्थापन झालेले इन्क्विझिशन १७७४ ते १७७८ हा खंड वगळता १८१२ पर्यंत चालले. त्याची बहुतेक कागदपत्रे नष्ट झाली, न्यायालयाचा वाडाही एकोणिसाव्या शतकात पाडला गेला. जुन्या गोव्यात पाहणाऱ्याला दाखवला जातो तो 'हातकात्रो खांब'. तेथे हात तोडले जात, ही लोकस्मृती कागदोपत्री सिद्ध होत नाही. कागद आणि वास्तू दोन्ही गेल्या की दंतकथा उरलेल्या एका दगडाला येऊन बिलगते. महाबळेश्वर सैलांनी कोंकणीत 'युगसांवार' आणि मराठीत 'तांडव' या नावाने सोळाव्या शतकातील धर्मांतराची व धार्मिक छळाची कादंबरी लिहिली. त्यांनी या स्मारकस्थळांपेक्षा आदोळशी या गावाला केंद्रस्थानी ठेवले. अभियोगाचा परिणाम त्यांनी देवळे, शेते, घरे यांच्या तुटण्यात शोधला. हा निर्णय मला कलादृष्ट्या दूरदर्शी वाटतो.

पैठणला जाणाऱ्या वाचकाला काय दिसते? पाचोडसारख्या त्याच तालुक्यातील बाजारगावातून येणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला पैठण ठाऊक असते ते नाथषष्ठीची यात्रा, जायकवाडीचे धरण, पैठणी आणि नागघाटावरचा रेडा म्हणून. चमत्काराला पुतळा आहे. सभेच्या जागेकडे मात्र कोणी बोट दाखवत नाही. महानुभाव यात्रेकरू आपल्या स्थानांना वंदन करून जातो आणि इतर प्रवासी त्या स्थानांवरून न थांबता पुढे सरकतो. वास्तविक, मराठीत स्थानस्मृतीचा एक स्वतंत्र गद्यग्रंथ आहे. चौदाव्या शतकात मुनिव्यासांनी रचलेली स्थानपोथी (कोलते यांनी १९७६ साली तिची संपादित आवृत्ती सिद्ध केली) ही गावोगावी चक्रधर कोठे राहिले, कोठे बसले, देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून होते, दार कोणीकडे, एका स्थानापासून दुसरे किती अंतरावर, याची नोंद ठेवते. पैठणच्या भोगनारायणातील अवस्थानासारखे प्रसंग त्यामुळे जमिनीला बांधलेले राहतात. या गद्यात विशेषणे जवळजवळ नाहीत. गो. नी. दांडेकरांच्या दुर्गवर्णनात किंवा आपल्या शिवकालीन कादंबऱ्यांत स्थळ हे वैभवाचे व विरहाचे निमित्त असते; स्थानपोथीत ते साक्षीदार असते. ज्यांच्या गुरूला राजसत्तेच्या आशीर्वादाने दंड झाला, त्यांना दप्तर मिळणार नव्हते. म्हणून त्यांनी ओटे, दारे, दिशा मोजून ठेवल्या.

येथे आक्षेप येईल, की स्थानपोथीचा हेतू इतिहास हा नसून वंदन हा आहे. आक्षेप खरा आहे. प्रभूच्या स्पर्शाने पवित्र झालेली जागा नमस्कारासाठी निश्चित करणे, हाच तिचा उद्देश. परंतु वंदनासाठी अचूकतेची जी निकड निर्माण झाली, तिने मराठीला वस्तुनिष्ठ स्थळवर्णनाचा एक नमुना दिला. त्याचे मोल हेतूवरून ठरत नाही.

६

या विवेचनातून ऐतिहासिक कादंबरीपुढे काही अपेक्षा ठेवता येतात.

पहिली गोष्ट, निवाडा उलटवणे पुरेसे नाही. चक्रधरांना निर्दोष आणि हेमाद्रीला खलनायक ठरवणारी कादंबरी लिहिणे सोपे आहे. मराठीत हेमाडपंत हे नाव मोडीपासून देवळांच्या बांधणीपर्यंत अनेक गोष्टींना चिकटलेले आहे. त्याला सर्व पापांचा धनी करणेही तितकेच सुलभ. पण एका व्यक्तीत साऱ्या अनिष्टाचे मूळ पाहणे हीच तर चेटकाच्या अभियोगाची विचारपद्धती आहे. मिलरच्या नाटकातील अ‍ॅबिगेल हा त्याचा इशारा आहे. मायताहरी व प्रज्ञासागर यांचा विरोध जपून ठेवणारे लीळाचरित्र या बाबतीत अनेक आधुनिक कलाकृतींहून अधिक सावध आहे. सभेत सज्जनही असतात आणि तरीही सभा तोच निर्णय देते, हे दाखवणे कादंबरीला शक्य आहे.

दुसरी गोष्ट, 'वासने'चे तंत्र. एकाच घटनेच्या विसंगत साक्षी शेजारी शेजारी ठेवण्याची जी रीत आपण विसाव्या शतकातील पाश्चात्त्य कादंबरीकडून शिकलो असे मानतो, ती मराठी गद्याच्या आरंभीच उपलब्ध होती. पंथीय श्रद्धेचा मान राखून या घटनेवर लिहिण्याचा मार्गही त्यातूनच निघतो. कारण विसंगती नोंदवणे ही स्वतः पंथाचीच रीत आहे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, त्या सभेत न बोललेल्या स्त्रिया. त्यांना वेध लागला की वश केले गेले, या दोन उत्तरांच्या पलीकडे त्यांनी निवड केली, हे तिसरे उत्तर आहे. महदाइसेसारखी कवयित्री ज्या परिवारात होती, त्या परिवाराविषयी ते असंभाव्य मुळीच नाही. काँदेने तितुबासाठी जे केले ते येथे अधिक आधाराने करता येईल, कारण या स्त्रियांची बोली, त्यांचे स्वभाव, त्यांचे तंटे संहितेत जिवंत आहेत.

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. सेलममधील शेवटच्या दोषी स्त्रीचे, एलिझाबेथ जॉन्सन हिचे, नाव कायद्याने निर्दोष ठरण्यास २०२२ साल उजाडावे लागले. आपल्याकडे सातपुड्याच्या पट्ट्यात स्त्रीला 'डाकीण' ठरवून छळण्याची प्रथा आजच्या पिढीपर्यंत पोचली आहे. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ साली झाला, तोही त्यासाठी झटणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांची त्या वर्षी २० ऑगस्टला पुण्यात हत्या झाल्यावर. कायदा कृत्याला शिक्षा करू शकतो. 'ती स्वतःच्या मनाने असे करणार नाही, तिच्यावर किंवा तिच्याजवळ काहीतरी आहे' हे वाक्य समाजाच्या तोंडी कसे तयार होते, त्याचा शोध घेणे हे साहित्याचे काम आहे. पैठणच्या सभेत ते वाक्य एका पुरुषाविरुद्ध वापरले गेले, तरी त्याचा विषय स्त्रीच होती. लीळाचरित्र व स्थानपोथी अभ्यासक्रमात प्राचीन गद्याचे नमुने म्हणून शिकवली जातात, व्याकरणासाठी वाचली जातात. ऐतिहासिक कादंबरीचे मूलग्रंथ म्हणून ती वाचली जातील, तेव्हा बखरीने घालून दिलेल्या साच्याला मराठीतूनच पर्याय मिळेल.